न आटणारं डबकं

दर पावसाळ्यात मी जंगलातल्या एका डबक्याकाठी बसून बेडकांच्या अंड्यांचे पुंजके मोजतो. वहीत शेवटची ओळ ठरलेली : ‘दिवाळीनंतर डबकं आटलं.’ कुणा साहेबांनी ती तक्रार समजून वाचली. आपल्याकडे रिकामं काही कुणाला बघवतच नाही.

यंदा गेलो तर डबक्याला सिमेंटचा तळ आणि डासांसाठी सोडलेले गप्पी मासे.

“आता बारमाही पाणी, सर! तुमच्या वहीमुळेच झालं बघा,” वनरक्षक कौतुकाने म्हणाले.

डबकं आटायचं म्हणून तिथे मासे नव्हते; मासे नव्हते म्हणून अंडी वाचायची. हे मी कधी लिहिलंच नाही. एवढं तर कळत असेल, असं वाटलं होतं.

पाणी नितळ होतं. पुंजका एकही नव्हता. मी वहीत लिहिलं, ‘पाणी भरपूर.’