आण्णांची बिनफटीची शोकेस

उचगावचे आण्णा सुतार जन्मभर पैलवानांच्या गदांना काचेच्या शोकेस करत आले. नात स्नेहलनं पाळलेल्या दांडग्या परदेशी सरड्याला, भैरूला, घर करतानाही हात तोच आणि तोंडही तेच. "आत मुंगी शिरली तर नाव बदलीन की!"

"आण्णा, त्याला वारं?"

"वाऱ्यानं धूळ येती, पोरी!"

फटी बुजवल्या, आतून पॉलिश मारलं, दिवा लावून भैरूला आत सोडलं.

सकाळी तो काळा पडून, जबडा वासून पडला होता. "आता आशा धरू नका," बोलावलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले. भैरू आत असतानाच आण्णा गिरमिट घेऊन शोकेसच्या लाकडाला भोकं पाडत सुटले.

शेजारच्या झुंबरबाईंनी काचेला नाक लावलं. "कसला झ्याक सरडा बनवलाय वो! अगदी जित्ता वाटतोय की!"

आण्णा भोकं पाडतच राहिले.