आणखी कोण बसतं?

सोफ्याला किती कापड लागेल असं विचारलं, की मावशी लगेच टेप काढायची नाही. दारात चप्पल काढायची, घोटभर पाणी प्यायची आणि घरातल्या बाईला विचारायची, "बसते कोन कोन, ते सांगा." बालाघाटात आमच्या वॉर्डातल्या सोफ्यांची, दिवाणांची, गाद्यांची कव्हरं तीच शिवायची. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, कव्हर शिवाचं हाय, जनगणना नाही." मावशी शांतपणे म्हणाली, "हौ भाऊ, पन कापड लाकडानं नाही फाटत. बसनाऱ्यानं फाटते."

तिचा अंदाज खरोखरच माणसांवरून निघायचा. आजोबा उजव्या हातावर भार देऊन उठतात, म्हणजे त्या हाताला दुहेरी कापड. सून डोक्याला तेल लावून टेकते, म्हणजे पाठीवर धुवायला काढता येईल असा वेगळा पट्टा. लेकरू गादीवर मुततं, म्हणजे दोन खोळी. मग कुठे टेप निघायची. कापड मोठ्या फुलांचं असलं, तर ती आणखी वाढवून सांगायची, कारण प्रत्येक पाठीच्या मधोमध अख्खं फूल आलं पाहिजे. "अर्धं फूल कोनाच्या पाठीमांगं द्याचं?" हा तिचा ठरलेला प्रश्न.

कॉलेजात असताना मी तिला स्कूटरवर लालबर्रा इथल्या एका घरी घेऊन गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मुलगे, सुना, नातवंडं अशी यादी सांगितली. मावशीने विचारलं, "आनखी?" बाई गप्प. मावशीही गप्प. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "धाकटा हाय. पन तो येत नाही आता. भावाभावात बोलनं नाही." मावशीने टेप उलगडली. "त्याचंही धरतो मी. तो येईन तवा कापडाचं हे थान संपलं राहीन, अन् दुसऱ्या थानाचा रंग जुळत नाही." बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

परतताना मी चिडवलं, "मावशी, दुकानदार तुला कमिशन देतो का?"

पाठीत एक धपाटा बसला. "समोर पाह्य, ट्रक येऊन राह्यला!"

ती माझ्या आईची मोठी बहीण. नवऱ्याने टाकल्यावर आमच्याकडे आली ती कायमची. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मग मला मलाजखंडला नोकरी लागली, लग्न झालं, क्वार्टर मिळालं. निघताना तिला म्हणालो होतो, "जरा स्थिरावलो की तुला नेतो." हौ म्हणाली होती.

सोफा घेतला तेव्हा माप घ्यायला मीच तिला बोलावलं. बैहरकडच्या वळणांनी तिला गाडी लागायची, तरी ती नवी साडी नेसून आली. तिची पिशवी नुसतं माप घ्यायला आलेल्या बाईची वाटत नव्हती. चांगली फुगलेली होती. ते मी पाहिलं होतं.

चहा झाला. तिने विचारलं, "हं बाबू. बसते कोन कोन?"

"मी, ही, आमचा चिंटू. गोंदियाहून सासू-सासरे येतात. कधी साहेब लोक."

"आनखी?"

ती किती वेळ गप्प थांबू शकते, हे मला ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "इतकेच."

"इतकेच. बरं." तिने टेप काढली. गुडघ्यांवर सरकत सगळी मापं घेतली आणि पुन्हा चटईवर जाऊन बसली. सोफ्यावर ये, असं मी म्हणालो नाही. बायको म्हणाली, "मावशी, चार दिवस राहा ना." ती म्हणाली, "नाही वं बाई, घरी कोंबड्या हायेत."

तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

तिला का नेलं नाही, तर क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, असं मी लोकांना सांगत आलो. बायकोची अडचण असावी, असंही त्यांना वाटू दिलं. बायकोने कधीच नाही म्हटलं नव्हतं. साहेब आलेले असताना मावशी सोफ्यावर मांडी घालून तंबाखू मळेल आणि विचारेल, "काहून जी, तुमाले पोरं किती?" याची मला लाज वाटत होती. कारण होतं ते एवढंच.

कव्हरं चोख बसली. पाठीपाठीवर अख्खं फूल. इतर घरांना ती डागडुजीसाठी उरलेल्या कापडाची घडी द्यायची. आम्हाला तशी घडी आली नाही. मी बालाघाटला जात राहिलो, तिने भाजी-भाकर वाढली, विषय कधी काढला नाही. आणि मलाजखंडला ती पुन्हा आली नाही. गेली तीही बालाघाटच्या घरातच. शेजाऱ्यांनी फोन केला.

परवा त्याच सोफ्यासाठी कापड घ्यायला आम्ही नवरा-बायको बालाघाटच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "भैया, कितने सीटर है?"

"पहले सुन लो, बैठता कौन-कौन है," मी म्हणालो आणि सांगत सुटलो. तो बिचारा ऐकत राहिला. शेवटी सवयीने म्हणाला, "और कोई?"

"मेरी मौसी. पालथी मारके, पैर मोड़के बैठती है. सीट जल्दी घिसेगी, वहाँ डबल लगेगा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवर उलगडलेलं फुलांचं कापड हाताने सारखं करत ती दुकानदाराला म्हणाली, "और मौसी की पीठ के पीछे फूल पूरा आना चाहिए, भैया. आधा नहीं."