म्युटेशनचा फोन

दादाच्या फुफ्फुसातला तुकडा तपासणीला गेला, त्याच आठवड्यात मी त्याची एक सही चोरली. दवाखान्याच्या कागदांत वाटणीचा अर्ज घातला आणि करमाडच्या जमिनीतला विहिरीकडचा भाग माझ्याकडं घेतला. तो गेल्यावर वहिनीशी वाद नको, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. खरं कारण मलाच नीट माहीत नाही.

अर्ज तहसीलमध्ये दिला. कारकून म्हणाला, "म्युटेशनचं झालं की फोन येईल." फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाला, तिथं सगळे म्युटेशनच म्हणतात.

फोन आला. एक बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचं म्युटेशन निघालंय. दोघं येऊन जा, पुढचं लगेच सुरू करता येईल."

दादा तहसीलला आला तर सहीचं उघडं पडणार. "मॅडम, त्यांना काही कळवू नका. मी बघतो."

अकरा दिवस मी तहसीलकडं फिरकलो नाही, दादाकडंही नाही. मग दवाखान्याची ठरलेली तारीख आली. दादाला घेऊन गेलो, तर डॉक्टर चिडले होते. "फोन करूनही आला का नाहीत?" गाठीच्या पेशींतल्या एका जनुकात बदल सापडलाय, त्यालाच म्युटेशन म्हणतात, म्हणाले. नेमकी त्याच बदलावर चालणारी गोळी आहे, रोज एक. आजार मुळातून जाईलच असं नाही, पण पुष्कळांना आराम पडतो. मी नुसती मान हलवत होतो. तो फोन तहसीलचा नव्हताच, दवाखान्याचा होता, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

दादा मात्र हसला. "आयुष्यात बिडी नाय ओढली, अन् फेरफार माझ्याच छातीत व्हय!" हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ते अकरा दिवस तो असाच खोकत होता.

गोळी सुरू झाल्यावर दीडेक महिन्यात खोकला उतरला. तो शेतात जायला लागला, तेव्हा बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं. सहीचं आणि फोनचंही.

"सही करतानाच वाचलं होतं की," तो म्हणाला.

"मग केली कशाला?"

"म्हटलं, मी तर चाललोच. जाता जाता तुझं मन कशाला मोडू?" मग माझ्याकडं वळला. "फोन तू दडवलास, ते नव्हतं ठाऊक. ते लई वाईट केलंस, गड्या."

अर्ज मागं घेतो म्हटलं, तर राहू दे म्हणतो. दोनदा तहसीलच्या दारातून परत आलोय. मरतोय समजून दिलेलं ते, आणि माणूस तर समोर उसाला पाण्याची दारं धरतोय. ते ठेवायचं कोणत्या तोंडानं, आणि परत करायचं तर कोणत्या, मला अजून कळत नाही.