शेवटची खुर्ची

औरंगपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात गुडघ्याच्या नसांवर उपचार करतात. बायको आत होती, मी बाहेर रिकाम्या उरलेल्या शेवटच्या खुर्चीवर. पैठणहून एसटीनं आलेले एक म्हातारे चाचा भिंत धरत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मग त्यांना आत बोलावलं. अर्ध्या तासानं ते बाहेर आले, ते भिंत न धरता. गुडघ्याचं दुखणं पोचवणारी नस बधिर करून पाहायचं इंजेक्शन घेतलं होतं. त्यानं आराम पडला, तरच डॉक्टर पुढं नस जाळणार होते.

"जे करताना दुखतं, ते करून बघा म्हणले. पाच वर्षं झाली, खुर्चीवरच नमाज पढतोय," असं म्हणत चाचांनी कोपऱ्यात रुमाल अंथरला. ते जपून गुडघ्यांवर टेकले, कपाळ जमिनीला लावलं. नमाज झाल्यावर कुणाचा हात न धरता उठले आणि रुमाल झटकून घडी घालू लागले.

आता कुठं मी उठून खुर्ची पुढं केली.

"बसा, साहेब," ते म्हणाले. "मघाशी तुम्ही उठले नाय, तवाच समजलो. तुमचा गुडघा माझ्याहून लई दुखतोय."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. तरी मी मान डोलावली, परत बसलो आणि गुडघा चोळू लागलो.