जागा सोडणारा वेग

बिराजदार मॅडमबरोबर नवी पेठेत खरेदीला जाणं म्हणजे शिक्षा होती. भर गर्दीत त्या मध्येच थांबायच्या आणि रिक्षांकडे बघत राहायच्या. "सुनील, हितं बघ. जागा दिसली की सगळे एकदम घुसतात, मग सगळेच अडकतात. आधी मागं कोण सरतोय ते बघायचंय." मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ बाई, सरका की!" त्या सरकायच्या, नजर तिथंच.

मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड, कॉलेजात मराठी, आणि नवल वाटलं की "अय्यो!" सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या नेटवर्क शिकवायच्या, मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक.

कॉलेजला इंटरनेटची अतिवेगवान लाइन मिळाली. उसाच्या शेतांची ड्रोनने काढलेली चित्रं तिच्यावरून दूरच्या एका संशोधन केंद्राला पाठवायची होती. लाइन एवढी मोठी, पण चित्रं रांगत जायची. मॅडम खूश, सोडवायला कोडं मिळालं! पाठवणारा संगणक वेग जपून वाढवतो. माहितीचा एखादा तुकडा वाटेत हरवला, की गर्दी झाली असं धरून वेग निम्मा करतो. जुन्या लाइनवर ते ठीक होतं. इथं मात्र निम्म्यावरून पुन्हा वर चढेपर्यंत लाइन रिकामीच पडून राहायची. "लई भित्रं हाय बिचारं," मॅडम म्हणाल्या. "धीट करू या. पण दांडगं न्हाय करायचं." लाइन रिकामी असेल तर भरभर चढायचं, दुसरं कुणी आलं की लगेच जागा सोडायची, अशी रीत त्यांनी पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवली.

हे काम बघायला तपासणी समिती आली त्या दिवशी मॅडम सभागृहात समजावून सांगत होत्या, मी प्रयोगशाळेत एकटा. शेजारी त्याच लाइनवर मुलांची ऑनलाइन परीक्षा सुरू झाली आणि पडद्यावरचा, सभागृहातही दिसणारा आमचा वेग उतरला. रीत जागा सोडत होती. बरोबरच होतं ते, मला कळतही होतं. पण माझी नोकरी अजून कायम नव्हती. समितीला हे अपयश वाटेल म्हणून जागा सोडायच्या ओळीच मी प्रोग्रॅममधून काढल्या. वेग उसळला, सभागृहात टाळ्या पडल्या, आणि परीक्षेचे सगळे पडदे गोठले. पोरांचा आरडाओरडा ऐकून मी ओळी मुकाट्यानं परत घातल्या. मॅडमची रीत सगळी लाइन स्वतःच खाते, इतरांना उपाशी ठेवते, असं म्हणून समितीनं काम बंद केलं.

पुढची काही वर्षं मॅडम स्वतःच्या गणितात चूक शोधत राहिल्या. "कुटंतरी हायच, सापडंना. तुला काय वाटतं?" मी काहीतरी सुचवायचो. त्या तेही तपासायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, निरोप समारंभ संपल्यावर, मी सगळं सांगून टाकलं. त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"म्हणजे गणित बरोबर होतं?"

"हो, मॅडम."

"कुठल्या ओळी? काढून दाखव की."

प्रयोगशाळेत जाऊन मी जुनी चित्रं पाठवायला लावली आणि त्या ओळी काढल्या. शेजारच्या संगणकावर चालू असलेला व्हिडिओ जागीच थिजला. मॅडम वाकून बघत राहिल्या. "अय्यो... अस्सं व्हय!" मग ओळी स्वतः परत घातल्या, व्हिडिओ चालू झाल्याची खात्री केली आणि माझ्याकडे वळल्या.

"शोधण्यात वर्षं गेली त्याचं न्हाय काही. आवडतं मला. पण मी रोज विचारायची, आन् तू रोज नवीन काहीतरी सांगायचास. ते कुटनं आणत होतास रे?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पडद्यावरच्या त्या ओळी उगाच पुन्हा मोजू लागलो. त्या वाट बघत उभ्या राहिल्या, मग गेल्या.