कुठून परत फिरलात?

बर्फातल्या वाटांवर गाडी घालून आलेल्याला सगळे विचारतात, "कुठपर्यंत गेलात?" कुमुदमावशी विचारायच्या, "कुठून परत फिरलात?" अमुक वळणावरून, पुढे बर्फ भुसभुशीत होता म्हणून, असं सांगितलं की त्या खूश. "थेट तळ्यापर्यंत पोचलो" असं कोणी छाती फुगवून सांगितलं, की म्हणायच्या, "हो का बाप्पा." त्यात कौतुक नसायचं.

परदेशातल्या आमच्या बॉथेल गावी, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी आधी पाहिली ती त्यांची जीप. हिरवी, चौकोनी, गिअरची, टपावर फावडं बांधलेलं. अशी गाडी आता मिळत नाही. मालक येईपर्यंत मी थंडीत तिच्याजवळ उभा राहिलो. आल्या त्या एक ठेंगण्या बाई. काठापदराची साडी, पायांत बर्फातले बूट, हातात डबा.

"किती घेणार?" मी विचारलं.

"तिळगूळ?"

"गाडीचे."

"तिळगूळ घे. गाडी विकायची नाही."

मी सांगलीचा. माझ्या बायकोला, वैशालीला, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. मला काम करायची परवानगी नव्हती. कित्येक वर्षं मंडळात माझी ओळख 'वैशालीचे मिस्टर' एवढीच. परवानगी मिळाल्यावर जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायला लागलो, आणि आज माझं स्वतःचं दुकान आहे. भाव पाडायला बसलो की माझ्यापुढे कोणी टिकत नाही. मावशी टिकल्या. दर हिवाळ्यात मी जीप मागायचो, दर हिवाळ्यात त्या चहा करायच्या.

मावशी मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका औषधांच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. जीप हौसेनं आणली काकांनी, पण त्यांना रिव्हर्स जमत नसे. "हे पुढे नेत, मी मागे आणत असे," मावशी सांगत. "मग म्हटलं, पूर्णच चालवते ना." काका गेल्यावरही डिसेंबर लागला की त्या पहाडातल्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर जायच्या. बर्फ लागला की उतरून चारही चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे चाकं पसरतात आणि बर्फात रुतत नाहीत. ते झाल्यावर त्या आधी थोडी गाडी उलटी चालवून पाहायच्या. हे रस्ते अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी वळवायला जागा नाही. अडलं तर आपल्याच चाकोरीतून मागे यायचं.

एका शनिवारी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पुढे त्यांची जीप, मागे माझा पिकअप. "तू सारखा ओरडतोस" म्हणून वैशाली त्यांच्या शेजारी बसली. चढ संपत आला, झाडांतून गोठलेलं तळं दिसायला लागलं आणि मावशी थांबल्या. उतरून काठीनं बर्फ टोचून आल्या.

"इथून मागे."

"मावशी, समोर दिसतंय तळं!"

"दिसू दे ना."

"निदान त्या झाडापर्यंत जाऊ. तिथून ठरवू."

"तू कोणाशी घासाघीस करून राहिला रे, दिलीप? डोंगर आहे तो, गिऱ्हाईक नाही."

तिथे रस्ता जरा रुंद होता. मी त्यांच्या बाजूनं पिकअप पुढे काढला आणि त्या झाडाच्या अलीकडेच डाव्या चाकांसकट बर्फाखालच्या चरात बसलो. चर वरून दिसत नव्हता. दिसला असता तर मी पोचलो असतो, हे मी आजही म्हणतो.

जीपला पट्टा बांधून मावशींनी मला बाहेर ओढलं आणि माझ्या हातात कोथिंबिरीची सांबारवडी ठेवली. "खा. उपाशीपोटी राग वाईट." मग वैशालीकडे वळल्या. "तू बस स्टिअरिंगवर. उलटी ने."

"मी? मावशी, मी फक्त ऑटोमॅटिक ड्राइव्ह करते."

"म्हणून तर."

वैशाली खिडकीतून डोकं बाहेर काढून, इंच इंच करत जीप मागे नेऊ लागली. मी खाली उभा राहून सूचना देत होतो. "तू गप राह्य ना रे," मावशी म्हणाल्या. "ऐकू येऊन राहिलं तिला."

"बर्फ कुरकुरतोय तोवर ठीक," वैशाली आतून म्हणाली. "आवाज बदलला की थांबायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. काय ठरवायचं ते त्यांनी तिथेच ठरवलं असणार.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांना बर्फावरचं ऊन सोसेना. लेकीनं त्यांना आपल्याकडे, दूर कॅरी शहरात बोलावून घेतलं. बातमी कळताच मी वैशालीला घेऊन गेलो आणि दुकानात कोणालाच देत नाही असा भाव सांगितला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा ओतला, आणि जीपची किल्ली वैशालीच्या बशीशेजारी ठेवली.

"मावशी, मी इतके हिवाळे मागतोय!"

"माहीत आहे ना. तुझ्या हातात ती पोचेल रे, दिलीप. मला परत येणारी पाहिजे."

"मग पैसे तरी घ्या."

"तुझ्याकडून काहून घेऊ? तुला कुठे दिली?"

सगळ्या मंडळाला हे कळलं. मी पुन्हा वैशालीचा मिस्टर झालो, ते माझ्याच धंद्यातल्या गोष्टीवरून. कॅरीहून त्यांचा फोन दर रविवारी यायचा, तोही वैशालीला. "कुठून परत फिरलात?" मी शेजारीच असायचो, पण स्पीकरवर घे असं कधी म्हटलं नाही. तसंही सगळं ऐकू यायचं. शेवटी त्या न चुकता विचारायच्या, "दिलीप रागावलाच आहे काय?" वैशाली म्हणायची, "हो, मावशी." "राहू दे. जेवतो ना?"

यंदा दिवाळीच्या आधी मावशी गेल्या.

पहिला बर्फ पडला तसे आम्ही त्याच रस्त्याला गेलो. वैशालीनं गाडी उलटी नेऊन पाहिली, मग चढाला लागली. झाडांतून तळं दिसलं आणि ती थांबली. काच खाली करून ऐकत राहिली. मी तोंड उघडलं होतं. पण खाली उतरलो, गाडीच्या मागे गेलो आणि हातानं 'ये, ये' करत तिला वळणापर्यंत मागे आणलं.

खाली आल्यावर ती चाकांत हवा भरत होती. रविवार होता. तिचा फोन बॉनेटवर ठेवलेला होता. दोघंही अधूनमधून त्याच्याकडे पाहत होतो.

"कुठून परत फिरलो गं आपण?" मी विचारलं.

"होतास की तू बरोबर."

"होतो. तरी विचारतोय."

तिनं पंप बंद केला आणि मला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुठलं वळण, बर्फ कसा होता, आवाज कुठे बदलला.

"हो का बाप्पा," मी म्हणालो. मी ते कौतुकानं म्हटलं होतं. गाडी मात्र मलाच मिळायला हवी होती.