कुत्र्याने गाठ मारली नव्हती

आमच्या दोन्ही घरांत माझ्या व्याह्यांचा कुत्रा वर्षभर चोर म्हणून ओळखला गेला. तो चोर नाही. भरीत मी खाल्लं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना हात कचरणार नाही.

व्याही सोनगीरजवळच्या खेड्यात राहतात. त्यांची मुलगी माझी सून. दर हिवाळ्यात, वांगी भरात आली की, गावामागचे चार डोंगर ते एका दिवसात चढतात. प्रत्येक माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. तिथे नारळ फोडायचा आणि शेवटच्या माथ्यावर भरीत नि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा नैवेद्य दाखवूनच जेवायचं, तोवर फक्त खोबरं. कुत्रा पिल्लू होता तेव्हापासून पुढे आणि व्याही मागे, असा हा नेम.

गेल्या हिवाळ्यात मीही निघालो. धुळ्यात मी रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतो, त्यामुळे डोंगर म्हणजे उभं मैदान असा माझा समज होता. पहिल्या डोंगरावर मी व्याह्यांना श्वास कसा घ्यावा ते समजावलं. दुसऱ्यावर श्वास घेण्यातच वेळ गेला. तिसरा मी हातापायांवर चढलो, तेव्हा कुत्र्याने माझ्याकडे प्रथमच आपुलकीने पाहिलं.

तिथे कळलं की नारळांची पिशवी दुसऱ्या माथ्यावरच राहिली. ती आणायला व्याही परत उतरले. कुत्र्याला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि नैवेद्याच्या डब्यावर मला.

डब्यातून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. मी फडकं सोडलं, नुसतं पाहायला. मग चव, मिरची जास्त तर नाही ना म्हणून. जास्त होती, म्हणून भाकरी घ्यावी लागली. कुत्र्यालाही एक घास दिला. त्याने हुंगला, शिंकला आणि दूर जाऊन बसला. डबा रिकामा झाला तेव्हा मी सवयीने झाकण लावलं, फडक्याला नीट गाठ मारली.

चौथ्या माथ्यावर व्याह्यांनी ती गाठ सोडली. आत काहीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाना, कुत्र्याने खाल्लं वाटतं.”

व्याह्यांनी गाठीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि कुत्र्याला रागावले. देवाला खोबऱ्यावर भागवावं लागलं. घरी विहीणबाईंनी निकाल दिला की नैवेद्य उष्टावणारं जनावर पुन्हा डोंगरावर जाणार नाही. पुढे वर्षभर प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा रंगला. झाकण लावणारा कुत्रा बघायला लोक येऊ लागले. मीही हसत होतो, पण पंगतीत भरीत आलं की वाढप्याला पुढे जायला सांगायचो.

या हिवाळ्यात पुन्हा गेलो. पहाटे व्याही निघाले तशी कुत्र्याला दोर लागला. तो खाली बसला आणि फक्त माझ्याकडे पाहत राहिला. मी ओट्यावरच थांबलो.

“नाना, सोडा त्याला. भरीत मी खाल्लं होतं.”

व्याही चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, “आबा, तो मिरची खास नही. आनि कुत्राले गाठ मारता येस का?”

कुत्रा मिरची खात नाही आणि गाठ मारत नाही, म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मग वर्षभर बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

“पोर तुमना घर शे,” ते म्हणाले. “व्याहीले चोर कोन म्हनी?”

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला चोर म्हणायचं नाही, म्हणून कुत्र्याला म्हटलं. कुत्र्याची मुलगी कुणाकडे दिलेली नव्हती.

दारामागून विहीणबाईंनी सगळं ऐकलं असावं. त्या बाहेर आल्या, स्वतः दोर सोडला आणि माझ्या हातात एक वेगळा छोटा डबा ठेवला. हा पहिल्याच डोंगरावर खाऊन घ्या, म्हणाल्या. नैवेद्याचा मोठा डबा त्यांनी फडक्यात बांधून कुत्र्याच्या पाठीला आवळला.

यंदा नैवेद्य पोचला. चारही डोंगर कुत्रा पुढे होता आणि मी जरा जवळ गेलो की वेग वाढवत होता.